अर्जातल्या चौकटी एकमेकींशी कशा बोलतात

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पाटोदा येथे विद्यार्थी व पालकांपुढे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)





मला बोलावताना चिटणीस साहेबांनी एक अट घातली होती. ते म्हणाले, "तुम्ही पुण्याला कॉम्प्युटरचे काम करता म्हणजे नेमके काय करता ते मुलांना सांगा; पण असे सांगा की, मागच्या रांगेतल्या पालकांनाही समजले पाहिजे." ही अट वाटते तेवढी सोपी नाही. माझ्या अम्मीला मी पंधरा वर्षे हेच समजावतो आहे आणि ती अजूनही शेजारच्या खालाजानला "तो टायपिंगच्या नोकरीत आहे" असेच सांगते. म्हणून आज बाकीचे सगळे शास्त्र बाजूला ठेवून मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. अर्ज भरताना पडद्यावर ज्या चौकटी दिसतात, त्या एकमेकींशी कशा बोलतात, आणि नीट बोलल्या नाहीत तर कोणाचे काय होते, एवढाच माझा विषय.

चौकटी बोलतात हे ऐकून काहींना हसू येईल. पण तुम्ही सर्वांनी हे पाहिलेले आहे. सातबारा पाहायला तुम्ही महाभूलेखच्या पानावर जाता. तिथे आधी जिल्हा निवडावा लागतो, मग तालुका, मग गाव. महाराष्ट्रात 36 जिल्हे आणि 358 तालुके आहेत. पण तुम्ही "बीड" निवडले की शेजारच्या चौकटीत 358 नावे येत नाहीत. बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, परळी आणि अंबाजोगाई ही 11 नावेच येतात. आता विचार करा. तालुक्याच्या चौकटीला कोणी सांगितले की, समोरच्या माणसाने बीड निवडले आहे? ती चौकट काही जिल्ह्याच्या चौकटीत डोकावून पाहत नाही. कोणीतरी निरोप दिला. तो निरोप कोणी, कोणाला, कोणत्या वाटेने द्यायचा, हे ठरवण्याचे काम माझ्यासारखे लोक करतात.

थोडा मागचा इतिहास सांगतो. वेबचे पहिले पान 1991 साली स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी लोकांसमोर ठेवले. ते नुसते वाचायचे पान होते, त्यात निरोपाचा प्रश्न नव्हता. 1995 साली जावास्क्रिप्ट ही भाषा आली आणि पान माणसाच्या बोटाला उत्तर देऊ लागले. त्यानंतर पाने मोठी होत गेली आणि प्रत्येक पान नव्याने लिहिणे परवडेनासे झाले. तेव्हा सुटे भाग करण्याची पद्धत रुळली. तारखेची चौकट एकदा तयार करायची आणि शंभर अर्जांत वापरायची, जिल्हा-तालुक्याचा जोड एकदा तयार करायचा आणि सगळीकडे बसवायचा. कल्पना तशी जुनी आहे. 1968 साली जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत डग मॅकिलरॉय यांनी मांडले होते की, कारखान्यात जसे तयार सुटे भाग मिळतात तसे प्रोग्रामचेही मिळाले पाहिजेत. पडद्यावरच्या चौकटींच्या बाबतीत ती कल्पना सार्वत्रिक व्हायला मात्र 2013 साली आलेले रिअॅक्ट, 2014 चे व्ह्यू आणि 2016 चे नवे अँग्युलर यांची वाट पाहावी लागली. अशा सुट्या भागाला आमच्या धंद्यात कंपोनंट म्हणतात. मी घटक म्हणेन.

घटक म्हणजे काय, हे मला एका बावर्चीने शिकवले असे म्हटले तरी चालेल. आपल्याकडच्या लग्नात जो बावर्ची येतो तो आज पाटोद्यात, उद्या आष्टीत, परवा केजला. त्याला तुमच्या घराची काही माहिती नसते. तो येऊन एक यादी देतो: इतक्या माणसांना इतके तांदूळ, इतके गोश्त, इतके तेल, इतकी लाकडे. तुम्ही सामान द्यायचे, तो देग चढवतो आणि देग उतरली की निरोप पाठवतो, "तयार आहे, दस्तरखान अंथरा." सामान आत गेले, निरोप बाहेर आला. मधे तो काय करतो हे तुम्ही विचारत नाही, आणि तोही तुमच्या कपाटात हात घालत नाही. म्हणूनच तो कोणत्याही घरी चालतो. जो बावर्ची स्वतःच कोठीत शिरून डबे उघडू लागतो, त्याला पुढच्या लग्नाला कोणी बोलावत नाही.

चांगल्या घटकाचे हेच लक्षण आहे. त्याला लागणारी माहिती वरून, म्हणजे ज्याने त्याला पानावर बसवले त्याच्याकडून मिळते. त्याला काही सांगायचे असेल तर तो वरच निरोप पाठवतो. शेजारच्या घटकाच्या पोटात तो हात घालत नाही. माहिती खाली, निरोप वर. हे चार शब्द विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावेत.

हे मी आज मोठ्या रुबाबात सांगतो आहे, पण मला ते चूक करून कळले. ती चूक तुमच्याच तालुक्यातील एका मुलीला भोवली, म्हणून आज येथे उभा राहून ती सांगणे मला भाग आहे.

2019 सालची गोष्ट. पुण्यातील एका लहान कंपनीत मी होतो. एका खाजगी शिष्यवृत्तीचा अर्ज तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. अर्जात दोन पत्ते होते. एक घरचा कायमचा पत्ता, दुसरा कॉलेजचा. दोन्ही ठिकाणी जिल्हा आणि तालुका निवडायचा होता. मी हुशारी केली. जिल्हा-तालुक्याचा एकच जोड तयार केला आणि तोच दोन्ही जागी बसवला. यात काही गैर नव्हते. गैर होते ते त्यांच्या बोलण्यात. वरून माहिती द्या, वर निरोप पाठवा, या फंदात मी पडलो नाही. मी सरळ एक भोंगा लावला. जिल्ह्याची चौकट भोंग्यावर ओरडायची, "जिल्हा बदलला!" तालुक्याची चौकट कान देऊन असायची, ती ऐकायची आणि आपली यादी बदलायची. तालुका निवडला की तेही भोंग्यावर जाहीर व्हायचे. एक जोड होता तोपर्यंत सगळे सुरळीत चालले.

आता एकाच मंगल कार्यालयात दोन लग्ने आहेत असे समजा. खालच्या मजल्यावर एक, वरच्या मजल्यावर एक, आणि भोंगा मात्र एकच. खालचा बावर्ची भोंग्यावर ओरडला, "मीठ आणा!" दोन्हीकडची पोरे धावली आणि दोन्ही देगांत मीठ पडले. वरच्या देगेत ते आधीच पडलेले होते. माझ्या अर्जात अगदी हेच घडत होते.

त्या मुलीने घरचा जिल्हा बीड आणि तालुका पाटोदा निवडला. तो भाग पूर्ण झाला म्हणून आपोआप मिटला. वर फक्त मथळा आणि हिरवी खूण राहिली. मग कॉलेजचा पत्ता. सौताड्यावरून रोज जामखेडला शिकायला जाणारी मुले तुमच्या घरांतही असतील, तशीच ती. तिने कॉलेजचा जिल्हा अहमदनगर निवडला (त्या वेळी तेच नाव होते, 2024 पासून अहिल्यानगर झाले) आणि तालुका जामखेड. भोंगा वाजला. दोन्ही तालुक्यांच्या चौकटींनी ऐकले, दोघींनी यादी बदलली, दोघींनी जामखेड घेतले. जिल्ह्याच्या चौकटी मात्र फक्त ओरडत, ऐकत नसत. त्यामुळे घरचा जिल्हा बीडच राहिला. अर्ज पुढे गेला तो असा: जिल्हा बीड, तालुका जामखेड.

असा तालुका बीड जिल्ह्यात नाही. तपासणाऱ्याने अर्ज परत पाठवला आणि शेरा मारला की, रहिवासाचा दाखला आणि अर्ज जुळत नाहीत. त्याचे काही चुकले नाही. दाखल्यावर पाटोदा होते, अर्जावर जामखेड. मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, महिना जानेवारीचा, गाळप ऐन भरात. दुरुस्तीच्या कागदावर पालकाची सही पाहिजे होती. वडील कोयता खाली ठेवून, मुकादमाची परवानगी काढून, रात्रीच्या गाडीने आले. तीन दिवसांची मजुरी बुडाली. कोयत्यावर नवराबायको जोडीने असतात, म्हणजे एकाच्या नव्हे, दोघांच्या मजुरीचा प्रश्न होता.

ही हकीकत मला कळली कारण मुलीच्या मामूंची आणि माझ्या अब्बांची ओळख होती. मी पहिल्यांदा काय म्हणालो असेन? "सायबर कॅफेवाल्या पोराने घाईत चुकीचे भरले असेल." हे वाक्य आमच्या धंद्यात फार चालते. अब्बा एवढेच म्हणाले, "बेटा, ती पोरगी स्वतः भरत होती, आणि तिला आपले गाव माहीत आहे." त्या रात्री मी तोच अर्ज, तिने भरला त्याच क्रमाने भरून पाहिला, मिटलेला भाग उघडला, आणि तिथे जामखेड दिसले. जुने अर्ज चाळले तेव्हा असेच आणखी काही निघाले. सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती: घर एका जिल्ह्यात, कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात.

मला ही चूक आधी का दिसली नाही? कारण तपासताना मी दरवेळी घर पुणे, हवेली आणि कॉलेजही पुणे, हवेली असेच भरत होतो. दोन्हीकडे एकच उत्तर असले की भोंग्याचा दोष झाकला जातो. शहरातल्या मुलाचा अर्ज बरोबर जायचा. शिकण्यासाठी ज्याला जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागते, त्याचाच अर्ज बिघडायचा. हे मी कोणाचे वाईट चिंतून केले नव्हते, पण परिणाम तोच झाला.

दुरुस्ती अशी केली. भोंगा काढून टाकला. प्रत्येक पत्त्याच्या भागाला एक मालक दिला. घरच्या पत्त्याचा मालक वेगळा, कॉलेजच्या पत्त्याचा वेगळा. कोणता जिल्हा आणि कोणता तालुका निवडला, हे मालकाच्या वहीत लिहायचे. चौकटींनी स्वतःजवळ काही ठेवायचे नाही. जिल्ह्याची चौकट आपल्याच मालकाला सांगते, "बीड निवडले." मालक वहीत लिहितो, जुना तालुका खोडतो आणि तालुक्याच्या चौकटीला सांगतो, "जिल्हा बीड, ही 11 नावे दाखव." शेजारच्या मालकापर्यंत यातले काही जात नाही. एका दिवसाचे काम होते. शिवाय पलीकडे, जिथे अर्ज साठवला जातो तिथेही एक तपासणी बसवली की, तालुका त्या जिल्ह्यातला नसेल तर अर्ज घ्यायचाच नाही. ती तपासणी पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

मोठमोठ्या कंपन्यांनाही या रोगाने सोडलेले नाही. फेसबुकच्या पानावर पूर्वी एक त्रास होता. नवा संदेश आल्याची खूण दिसायची, उघडून पाहावे तर नवे काहीच नसायचे. दुरुस्त करावे, थोड्या दिवसांनी पुन्हा उगवावे. पानाचे निरनिराळे भाग न वाचलेल्या संदेशांचा हिशेब आपापल्या परीने ठेवत होते आणि ते हिशेब जुळत नव्हते. 2014 साली त्यांच्या अभियंत्यांनी फ्लक्स नावाची पद्धत जाहीर केली. तिचा गाभा हाच की, हिशेब एका ठिकाणी ठेवायचा आणि माहिती एकाच दिशेने वाहू द्यायची. कोठीची किल्ली एकाकडे असली की, साखर किती उरली याबद्दल दोन मते राहत नाहीत. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना हे कोणत्याही फ्लक्सच्या आधीपासून माहीत आहे.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या बालाघाटच्या डोंगराळ भागासाठी. येथे रेंज कधी असते, कधी नसते. तुम्ही चुकून पुणे निवडले, लगेच दुरुस्त करून बीड निवडले. दोन विचारणा लागोपाठ गेल्या. उत्तरे त्याच क्रमाने येतील याची खात्री नसते. बीडचे उत्तर आधी आले, तालुके बरोबर दिसले. आणि मग रखडलेले पुण्याचे उत्तर येऊन त्याच्यावर बसले. जिल्हा बीड आणि खाली हवेली, मुळशी, मावळ! शहरातल्या वेगवान लाइनवर ही चूक सहसा दिसत नाही. उपाय असा की, प्रत्येक विचारणेला क्रमांक द्यायचा आणि शेवटच्या क्रमांकाचे नसलेले उत्तर आले तर ते फेकून द्यायचे.

निरोपात काय लिहायचे हाही एक प्रश्न आहे. नुसते "शिरूर" लिहिले तर कोणते? पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. आष्टी आपल्याकडे आहे तशी वर्धा जिल्ह्यातही आहे. आणि पाटोदा म्हटले की बाहेरच्या लोकांना छत्रपती संभाजीनगरजवळचे आदर्श गाव पाटोदा आठवते. मला पुण्यात दहा जणांना सांगावे लागले की, ते आमचे नव्हे, आमचा पाटोदा तालुका, जिथे मांजरा नदी उगम पावते. म्हणून घटकांनी एकमेकांना नाव कळवू नये, सांकेतिक क्रमांक कळवावा. केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत जिल्हा, तालुका आणि गाव यांना असे क्रमांक दिलेले आहेत. नाव माणसाला वाचण्यासाठी, क्रमांक यंत्राला ओळखण्यासाठी. जिल्ह्याचे नाव बदलले तरी क्रमांकावर चालणारी नोंद तुटत नाही.

आता कोणी विद्यार्थी विचारील, "सर, सगळेच वरून खाली द्यायचे म्हटले तर दहा पायऱ्या उतराव्या लागतील." प्रश्न बरोबर आहे. मधल्या पायऱ्यांना त्या माहितीची गरज नसते, त्या नुसत्या टपालवाल्यासारख्या पुढे ढकलत राहतात. जी गोष्ट खरोखरच सगळ्यांना लागते, तिच्यासाठी शाळेतल्यासारखा सूचना फलक लावायचा. उत्तम उदाहरण भाषेचे. उर्दू माध्यमाच्या मुलाने अर्जाची भाषा उर्दू केली, तर मजकूर उजवीकडून डावीकडे गेला पाहिजे. हे प्रत्येक चौकटीला वेगळे सांगत बसणे वेडेपणाचे आहे. पानाच्या मुळाशी एकदा दिशा लिहिली की आतल्या सर्वांना ती लागू होते. तरीही काही घटक अडून बसतात. तारखेच्या चौकटीतला "पुढचा महिना" दाखवणारा बाण उर्दूतही उजवीकडेच तोंड करून राहतो, कारण तो करणाऱ्याने फलक वाचायची तसदी घेतलेली नसते. उर्दूतले पान पाहताना असा बाण दिसला तर समजा की, तपासणाऱ्यांत उर्दू वाचणारा कोणी नव्हता. आपल्यापैकी कोणी त्या खुर्चीवर बसलेला असता तर पहिल्या दिवशी सांगितले असते.

पण फलकावर काय लावायचे यात हात आखडता ठेवावा. भाषा लावा, अर्जदाराचे नाव लावा. तालुका लावू नका, नाहीतर तो पुन्हा माझा भोंगाच झाला.

विद्यार्थ्यांना हे शिकायला पुण्यालाच जावे लागते असे नाही. ब्राउझर असलेला कोणताही साधा संगणक पुरतो. दोन चौकटींचे एक पान स्वतः लिहा, जिल्हा आणि तालुका. जमले की तोच जोड त्याच पानावर दुसऱ्यांदा बसवा. माझी खात्री आहे, तिथे पहिल्यांदा काहीतरी बिघडेल. का बिघडले हे शोधायला दोन दिवस लागले तरी लागू द्या. सरांनी लगेच उत्तर सांगू नये अशी माझी त्यांना विनंती आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे भाषणानंतर काहींनी विचारले. दुरुस्ती मुदतीत पोहोचली आणि शिष्यवृत्ती मिळाली. वडिलांच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे मी देऊ केले होते. त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, "पुढच्या वेळी बरोबर करा म्हणजे झाले." आमच्या तपासणीच्या यादीत आजही पहिली ओळ तीच आहे: घर पाटोदा, कॉलेज जामखेड. कोणीही त्या अर्जात एक अक्षर बदलले तरी आधी ही ओळ चालवून पाहतात.

मागच्या रांगेतील एका चाचांचा प्रश्न मात्र येथे नोंदवून ठेवतो, कारण तो सर्व पालकांच्या उपयोगाचा आहे. ते म्हणाले, "तुमच्या चौकटी तुम्ही सुधाराल तेव्हा सुधाराल, आम्ही काय करायचे?" मी सांगितले ते असे. वरची चौकट बदलली की खालच्या सगळ्या पुन्हा पाहा. जिल्हा बदलला असेल तर तालुका आणि गाव नव्याने निवडा, आधीचे बरोबर दिसत असले तरी. शेवटचे बटण दाबण्यापूर्वी मिटलेले सगळे भाग उघडून, दाखला शेजारी ठेवून वाचा. हिरव्या खुणेवर विसंबू नका. पाठवल्यावर जी प्रत निघते तिचा छापील कागद घ्या आणि कॅफेतून बाहेर पडण्याआधी तिथेच वाचा. चाचांनी विचारले, हा कागद किती दिवस ठेवायचा? पैसे मुलीच्या खात्यावर जमा होईपर्यंत तरी नक्कीच ठेवा, असे मी म्हणालो. त्यावर शेजारी बसलेल्या चाची म्हणाल्या, त्या तर दहावीपासूनचे सगळे कागद एका पिशवीत ठेवून आहेत.